७६ वर्षांच्या आईला फिजिओथेरपीचा खरंच उपयोग होईल का, की नुसता शेक घेत राहायचं?

उत्तरा_सातारा

नमस्कार. आई ७६ वर्षांची, वजन ५६ किलो. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, पण ऑपरेशनची घाई नाही असं ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं म्हणणं. बीपीची आणि साखरेची गोळी चालू, इन्सुलिन नाही. दिवाळीच्या सुमारास न्हाणीघरातून बाहेर येताना तोल जाऊन पडली. मुका मार तेवढा, हाड शाबूत. पण तेव्हापासून तिने धास्तीच घेतली आहे. देवळात जाणं बंद, भाजीला जाणं बंद, पलंग ते सोफा एवढंच चालणं.

डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली. जवळच्या क्लिनिकमध्ये सिटिंगचा एक कोर्स झाला. गुडघ्याला शेक, मग पॅड लावून करंट, शेवटी झोपून पाय वर-खाली. घरी येईपर्यंत बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता दुसरा कोर्स घ्या म्हणतात.

या वयात स्नायूंना ताकद खरंच येते का? बाबांचं पालुपद एकच, "पंचाहत्तरीनंतर कसला व्यायाम, आराम कर." आणि घरी काय करून घ्यायचं, किती, कसं, हे कोणी नेमकं सांगेल का?

---

भौतिकोपचारी

येते. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम दिला होता, ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. गट दहा जणांचाच होता, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांचा कौलही तसाच आहे. पडण्याबद्दल म्हणाल तर २०१९च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (कॉक्रेन ही संस्था जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते), घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं. तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम एकत्र असेल तर त्याहून जास्त. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं मात्र त्या आढाव्यात ठामपणे दिसलं नाही. "रोज दोन फेऱ्या मारते की" एवढ्यावर भागत नाही ते यामुळे.

आता शेक आणि करंट. आयएफटी आणि टेन्स (दोन्ही पॅड लावून द्यायचे करंट), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरी), वॅक्स (गरम मेणाचा शेक) या सगळ्यांनी फार तर काही तास दुखणं दबतं. त्या तासांत व्यायाम करून घेतला तर त्यांचा उपयोग. मशीन काढलं आणि घरी पाठवलं, तर स्नायूला काहीच काम मिळालेलं नसतं. झोपून पाय वर-खाली हा ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांतला व्यायाम आहे. स्वतःच्या पायाने क्लिनिकात आलेल्या माणसाला तेच महिनाभर दिलं तर ताकद वाढणार कशी? जमतं त्याच्या किंचित पलीकडचं काम द्यायचं आणि ते जमलं की पुन्हा थोडं वाढवायचं. हे वाढवणं ज्या कोर्समध्ये नाही, तो कितीही वेळा घेतला तरी फळ तेच.

(शरीरात पेसमेकर असेल तर करंटची मशीन परस्पर लावून घेऊ नयेत, आणि स्टीलचा सांधा किंवा प्लेट असलेल्या जागी शॉर्टवेव्हचा (मशीनच्या विद्युतलहरींनी आतपर्यंत दिला जाणारा) शेक नको. क्लिनिकात विचारत नसतील तर आपण सांगावं.)

तुमच्या आईंच्या बाबतीत गुडघा हा अर्धाच प्रश्न दिसतो. पडल्या, घाबरल्या, बसून राहिल्या, बसल्यामुळे मांडी आणि खुब्याचे स्नायू बारीक झाले, म्हणून गुडघ्यावर भार वाढला आणि तोल आणखी गेला. हे चक्र शेकाने तुटत नाही. आधी आज कुठे आहोत ते मोजा.

एक, खुर्चीवरून उठणं. साधारण ४३ सेंटिमीटर, म्हणजे १७ इंच उंचीची सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवा. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते, ती नको. हात छातीवर फुली करून, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. ७५ ते ७९ वयाच्या बाईसाठी १०च्या खाली म्हणजे कमी, याच वयाच्या पुरुषासाठी ११च्या खाली. हाताने रेटून उठल्या तर शून्य धरायचं.

दोन, उठून चालणं. खुर्चीपासून ३ मीटरवर फरशीवर खूण करा. नेहमीच्या चपला, काठी वापरत असतील तर काठी, आणि नेहमीचाच वेग. उठायचं, खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजा. वळताना पावलं किती घेतात, भिंतीला हात जातो का, हेही बघा. सेकंदांपेक्षा कधीकधी तेच जास्त सांगून जातं.

तीन, तोल. ओट्याजवळ उभं करून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यासमोर, एका रेषेत. आधार न घेता १० सेकंद टिकल्या नाहीत तर तोलावर काम लागणार. तिन्ही वेळा तुम्ही हाताच्या अंतरावर उभ्या राहा.

बाबांनाही त्या खुर्चीवर बसवा. आकडा बघून आरामाचा आग्रह जरा निवळेल.

---

वैद्यकीय_हिशेबनीस

वरच्याला दुजोरा, पण व्यायामाला हात घालण्याआधी आई पडल्या कशाने ते बघा. न्हाणीघरातून बाहेर येताना म्हणजे गरम पाण्याने आंघोळ, बसलेल्या अवस्थेतून एकदम उभं राहणं, वर बीपीची गोळी. हे तिन्ही मिळून रक्तदाब खाली आणतात.

घरच्या मशीनवर तपासा. ५ मिनिटं आडवं झोपवून एक रीडिंग, मग उभं करून १ मिनिटाला दुसरं, ३ मिनिटांना तिसरं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० एवढा घसरला तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करायची नाही. झोपेची गोळी, सर्दीचं गुंगी आणणारं औषध चालू असेल तर त्यांचीही यादी द्या.

चक्कर कशी येते तेही विचारा. कुशीवर वळताना किंवा वर बघताना काही सेकंद खोली गरगर फिरते, मग थांबते, असं असेल तर तो बहुधा कानाच्या आतल्या भागाचा प्रकार. त्यावर डोकं ठराविक क्रमाने वळवून करायची इप्ली नावाची क्रिया आहे, प्रशिक्षित फिजिओ किंवा कान-नाक-घसा डॉक्टर करतात. अनेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो, वर्षानुवर्षं चक्करेच्या गोळ्या खाण्याची गरज राहत नाही.

साखरेच्या गोळीत ग्लिमेपिराइड किंवा तत्सम, साखर जास्तच खाली आणू शकणारं काही असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको. नाश्त्यानंतर तासाभराने. घाम, थरथर, गांगरल्यासारखं झालं तर आधी साखर द्यायची, मग बाकीचं.

---

उत्तरा_सातारा

दोघांचे आभार, सगळं करून बघितलं. बीपी झोपून १३८/८०, उभं राहून १ मिनिटाला १३२/७८, ३ मिनिटांनाही तेवढंच, म्हणजे घसरत नाही. गरगरणं नाही. हात न लावता खुर्चीवरून ४ वेळाच उठता आलं, चौथ्या वेळी धपकन बसली. उठून चालायला १७ सेकंद, वळताना सोफ्याला हात. एका रेषेत पावलं ३ सेकंद टिकली.

उठताना गुडघे दुखतात म्हणते. दुखत असताना व्यायाम केला तर झीज वाढणार नाही का? काठी कोणत्या हातात? उजवा जास्त दुखतो. वॉकर मात्र नको, "लोक काय म्हणतील."

---

भौतिकोपचारी

बीपी ठीक आहे ही मोठी सोय झाली. आकडे ताकद आणि तोल दोन्ही कमी असल्याचं सांगतात, आणि हेच व्यायामाने सुधारतं.

दुखण्याचा नियम असा. शून्य ते दहा अशी पट्टी धरा. व्यायाम करताना पाचपर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं आधीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही, किंवा गुडघा सुजून गरम झाला, तर व्यायाम बंद करायचा नाही, मात्रा कमी करायची. आकडा कमी, वजन कमी किंवा खुर्ची उंच. मोजूनमापून केलेल्या व्यायामाने झीज वाढत नाही. मांडी बळकट झाली की सांध्यावरचा ताण उलट हलका होतो. मांडीत येणारा जडपणा एक-दोन दिवस राहतो, त्याला घाबरू नये.

खुर्चीवरून उठणं हा तुमचा मुख्य व्यायाम. बाकी सगळे राहिले तरी हा चुकवू नका. आत्ता ४ वेळा जमतं म्हणजे ही उंची त्यांना जड आहे. लाकडी खुर्चीवर सतरंजीच्या घट्ट घड्या घालून ७–८ सेंटिमीटर उंची वाढवा. मऊ उशी नको, ती दबते आणि उठणं आणखी अवघड होतं. कडेशी सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन पावलांत वीतभर अंतर. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायचं आणि मगच टाचा जमिनीत दाबत उठायचं. बसताना मनात तीनपर्यंत मोजत हळू. हे हळू बसणं म्हणजेच अर्धा व्यायाम, धपकन बसलं की तो फुकट गेला.

चुका नेहमीच्याच. पावलं पुढे पसरलेली असतात, मग उठताच येत नाही. झुकायची भीती वाटते, म्हणून ताठ पाठीने वर यायला बघतात आणि मागे कोसळतात. घरचं कोणीतरी दंड धरून ओढतं, मग जोर त्याचा लागतो. आणि श्वास रोखून धरतात, त्याने बीपी वर जातं. उठताना मोठ्याने आकडे म्हणायला लावा, श्वास आपोआप सुटतो.

मात्रा: ८ वेळा, २ मिनिटं विश्रांती, पुन्हा ८. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. शेवटची दोन उठणी जड वाटायला हवीत. पहिलंच सहज गेलं तर उंची जास्त झाली. लागोपाठ दोन वेळा १२-१२ जमलं की सतरंजीची एक घडी काढा. घड्या संपल्या की छातीशी १ किलोची पिशवी.

त्याच दिवशी बसून गुडघा सरळ करणं, घोट्याला वेट कफ (वजन भरलेला पट्टा) बांधून. अर्ध्या किलोपासून सुरू करा. जे वजन ८ ते १० वेळा नीट उचलता येतं आणि मग पाय थकतो, ते योग्य. वर न्यायला ३ सेकंद, खाली आणायला ३. वेट कफ नसेल तर जुन्या लांब मोज्यात वाळू भरून किचनच्या काट्यावर तोला, तोंड शिवा. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, १०च्या दोन फेऱ्या, आणि पाय बाजूला नेणं, प्रत्येकी १०. यात कंबर दुसरीकडे झुकते आणि पावलाचं टोक बाहेर वळतं. दोन्ही झालं तर खुब्याचा नेमका स्नायू सुटतो आणि भलताच कामाला लागतो. पायाची बोटं ओट्याकडेच राहिली पाहिजेत, पाय थोडाच बाहेर गेला तरी हरकत नाही.

तोल रोज. खोलीच्या कोपऱ्यात कोपऱ्याकडे पाठ करून उभं करा, समोर खुर्चीची पाठ. मागे दोन भिंती, पुढे आधार, त्यामुळे धास्तीही कमी. रेषेतली पावलं आत्ता नकोत, अर्धं पाऊल पुढे ठेवून १० सेकंद, दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा. ३० सेकंद सहज टिकलं की पाऊल आणखी पुढे. त्यानंतर उभ्या-उभ्या डोकं डावी-उजवीकडे वळवणं. ओट्याच्या कडेने १० पावलं आडवी जाऊन तशीच परत, चार वेळा. मात्र हे पूर्ण आधार धरून केलं तर तोलाला काम लागत नाही. पूर्ण हात, मग चार बोटं, मग एक बोट, असा आधार सोडत जायचा. आणि तुम्ही दंड धरू नका. कमरेला रुंद पट्टा बांधून मागून, किंचित बाजूने पट्ट्याला हात ठेवा.

काठी डाव्या हातात, म्हणजे जास्त दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. काठी आणि उजवा पाय एकत्र पुढे. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग अख्खं शरीर त्या गुडघ्यावर कलतं. उंची: चप्पल घालून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत मूठ. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला, किरकोळ वस्तू आहे. तीन-चार महिने काठीवर भागतं का बघू. वॉकरला लोक काय म्हणतील याचं उत्तर असं की खुब्याचं हाड मोडलं तर वॉकर नक्कीच लागतो. जिन्यावर: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

---

पायरीपायरीने

व्यायामाचं सगळं आलंच आहे, न्हाणीघराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

टॉवेल टांगायची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. पडताना माणूस तिलाच धरतो आणि ती स्क्रूसकट हातात येते. आधाराची वेगळी दांडी पक्क्या भिंतीत अँकर बोल्टने बसवून घ्या. रबरी कपने चिकटणाऱ्या दांड्यांवर अंगाचा भार टाकायचा नसतो. एक कमोडच्या बाजूला, एक दारापाशी. आंघोळीचा बुटका पाट किंवा प्लॅस्टिकचा चौरंग काढून टाका, तो सहा इंचांचा असतो आणि त्यावरून उठणं आईंना आज अशक्य आहे. १७-१८ इंचांची, पायांना रबर असलेली आंघोळीची खुर्ची घ्या. मोरीचा उंबरठा फरशीच्याच रंगाचा असेल तर त्यावर ठसठशीत रंगाची पट्टी. सुटं पायपुसणं हटवा. घरात सैल हवाई चपलांऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल. गाऊनची कड घोट्याच्या वर. रात्री लघवीला उठतात त्या वाटेवर छोटा दिवा.

दुसरं म्हणजे जमिनीवरून उठायचं कसं, हे शिकवून ठेवा. धास्तीचं मूळ बऱ्याचदा पडण्यापेक्षा "पडले तर उठता येणार नाही" यात असतं. पडल्यावर लगेच उठायची घाई करायची नाही. दुखतं कुठे ते आधी बघायचं. मग कुशीवर, कोपरावर रेटून बसतं व्हायचं, दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर येऊन जवळच्या जड खुर्चीपर्यंत रांगायचं. दोन्ही हात बैठकीवर, बरा पाय पुढे घेऊन पाऊल सपाट, हातांनी दाबत वर यायचं आणि वळून बसायचं. गुडघ्याखाली घडी घातलेली गोधडी ठेवून पलंगाशेजारी सराव करता येतो, पण पहिल्यांदा फिजिओच्या समोरच. खुब्यात जोराचं दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, किंवा डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर उठवायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची: १०८.

---

मीठभाकर

मालिश, तेल यांचं काय? आमच्याकडे आधी तेच करतात.

---

भौतिकोपचारी

@मीठभाकर, मालिशने बरं वाटतं, झोप लागते, करा की. ताकद येत नाही एवढंच. तळव्यांना तेल लावून फरशीवर चालायला देऊ नका म्हणजे झालं.

ताकदीला तेलापेक्षा खाणं लागतं. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आईंना ५६ ते ६७ ग्रॅम. चहा-खारी, दोन पोळ्या, भाजी आणि रात्री वरणभात यात ती निम्मीही होत नाहीत. वाटीभर घट्ट वरण किंवा उसळीत ५ ते ७ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, एका अंड्यात ६. सकाळच्या चहाच्या जागी दूध आणि मुगाचं धिरडं, दुपारी उसळ आणि दही, रात्री पिठलं किंवा पनीर, असं दिवसभर वाटून द्या. साखर आणि बीपी असल्याने आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) बघून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

---

उत्तरा_सातारा

वाळूचे मोजे शिवायला घेतले! शेवटचं विचारते. आता त्याच क्लिनिकमध्ये जाऊ की नको? फिजिओ चांगला हे ओळखायचं कसं?

---

भौतिकोपचारी

फिजिओथेरपीची पदवी बघा, बीपीटीएच किंवा बीपीटी, आणि महाराष्ट्रात असाल तर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी. ती विचारल्याचा कोणाला राग येऊ नये. पहिल्या भेटीत त्यांनी चालवून, उठवून, उभं करून बघितलं का? आकडे लिहिले का? घरी करायचा व्यायाम कागदावर दिला का आणि पुढच्या वेळी तो बदलला का? आल्या आल्या थेट मशीनला जोडलं, तर दुसरीकडे जा. परवडत नसेल तर फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या ओपीडीत आणि जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

रोज क्लिनिकात जायची गरज नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग एकदा, पुढे व्यायाम वाढवून घेण्यापुरतं महिन्यातून एकदा पुरतं. बाकी घरी. ६ ते ८ आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच चपलांत तिन्ही चाचण्या पुन्हा करा. खुर्चीची उठणी ४ वरून ७-८ झाली तर गाडी रुळावर आहे. तेवढ्यातच अडकली असतील तर आधी वही काढून बघा, बहुधा वजन वाढवायचं राहिलेलं असतं किंवा आठवड्यातून एकदाच झालेलं असतं. दोन्ही नीट असूनही फरक नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांकडून तपासून घ्या.

छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर व्यायाम तिथेच थांबवून दवाखाना. आणि देवळाला पायऱ्या किती आहेत ते मोजून कळवा. त्याप्रमाणे जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतार चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून कशी घालायची ते सांगतो. कठडा उजवीकडे आहे की डावीकडे तेही बघा, काठी कोणत्या हातात राहील ते त्यावर ठरेल.